एका कार्डाचं कर्ज दुसऱ्या कार्डावर : 'बॅलन्स ट्रान्सफर'ला हो म्हणण्याआधी हिशेब मांडा

गेल्या काही महिन्यांत साताऱ्यात आणि सांगली-मिरजेत नातेवाइकांकडे गेलो की एक विषय हमखास निघतो. कुणाला बँकेतून फोन आलेला असतो : 'सर, तुमच्या जुन्या कार्डाची थकबाकी आमच्या नव्या कार्डावर घ्या, व्याज शून्य.' कुणाच्या मोबाइलवर मेसेज आलेला असतो. मग विचारणा होते, 'तुम्ही शिकलेले आहात, सांगा, घेऊ का?'

हा लेख त्याच प्रश्नाचं उत्तर आहे. आम्ही बँकवाले नाही आणि मुफ्तीही नाही. पण या वाटेने आम्ही स्वतः गेलो आहोत. काय वाचलं आणि काय गमावलं, ते आकड्यांसह सांगतो.

आमची गोष्ट

अब्बूंचं ऑपरेशन अचानक ठरलं. विम्यातून काही भाग मिळाला, बाकीचा खर्च दोन क्रेडिट कार्डांवर गेला. औषधं, तपासण्या, मिरजेच्या फेऱ्या, त्यात घरातलं एक लग्न. पाहता पाहता एका कार्डावर 72,000 आणि दुसऱ्यावर 48,000 अशी एकूण 1,20,000 रुपयांची थकबाकी उभी राहिली. दर महिन्याला बिलावर 'किमान देय रक्कम' छापून यायची, ती आम्ही इमानदारीने भरायचो. वाटायचं, कर्ज फिटतंय.

सात-आठ महिन्यांनी एका रविवारी सगळी बिलं जमिनीवर मांडली. थकबाकी जवळपास तेवढीच होती. दुसऱ्यांच्या मुलांना चक्रवाढ व्याज शिकवणारं आमचं घर, आणि स्वतःच्या बिलाचं गणित आम्ही कधी सोडवलंच नव्हतं.

किमान रक्कम भरली की काय होतं?

आपल्याकडे बहुतेक कार्डांचं व्याज महिन्याला साधारण 3 ते 3.75 टक्के असतं. ऐकायला छोटं वाटतं. वर्षाचं धरलं तर ते 36 ते 45 टक्के होतं. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो. घरकर्जाच्या किंवा साध्या वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, क्रेडिट कार्डाच्या व्याजावर असतो. हा फरक पुष्कळांना माहीत नाही.

आमचा ढोबळ हिशेब असा होता :

- थकबाकी : 1,20,000
- महिन्याचं व्याज 3.5 टक्क्यांनी : 4,200
- त्यावर जीएसटी : 756
- किमान देय रक्कम, 5 टक्क्यांनी : 6,000

म्हणजे 6,000 भरले की त्यातले 4,956 व्याज आणि करात जायचे. मूळ कर्ज कमी व्हायचं फक्त 1,044 रुपयांनी. शिवाय थकबाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर पेट्रोल किंवा किराणा घेतला, तर त्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. हे आम्हाला फार उशिरा कळलं.

फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास फेड लांबत जाते आणि व्याज वाढत जातं, असा इशारा बिलावर छापावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. तो छापलेला असतोही. पण बारीक अक्षरात, आणि आपण फक्त तारीख आणि रक्कम बघतो.

व्याजाला वरची मर्यादा आहे का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे आता ती 30 टक्क्यांची मर्यादा नाही. तुलनेसाठी सांगतो, महाराष्ट्रात 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा घालून दिली गेली. खिशातलं चकचकीत कार्ड त्या सावकाराच्या दुप्पट महाग पडतं.

बॅलन्स ट्रान्सफर म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत, एका बँकेच्या कार्डावरची थकबाकी दुसरी बँक भरते आणि तेवढं कर्ज तिच्या कार्डावर आपल्या नावे चढतं. कर्ज संपत नाही, फक्त जागा बदलतं. फायदा एवढाच की नवी बँक ठरावीक मुदतीसाठी व्याज कमी लावते.

साधारण दोन प्रकार दिसतात. पहिल्यात 60 किंवा 90 दिवस 'शून्य व्याज' असतं, पण सुरुवातीला प्रक्रिया शुल्क घेतात. मुदत संपली की उरलेल्या रकमेवर नेहमीचं व्याज चालू. दुसऱ्यात रकमेचे 6, 12 किंवा 24 महिन्यांचे हप्ते पाडतात आणि त्यावर कमी दराने व्याज घेतात.

'शून्य' हा शब्द नीट पाहा. 72,000 रुपयांवर 2 टक्के शुल्क म्हणजे 1,440, त्यावर जीएसटी 259, एकूण 1,699. दोन महिन्यांसाठी एवढे दिले, म्हणजे महिन्याला जवळजवळ 1.2 टक्के झाले. तेव्हा ते शून्य नाही. आणि दोन महिन्यांत 72,000 फेडता येतील, असं किती घरांचं आहे?

अर्ज कसा करायचा?

आम्ही दुसरा प्रकार घेतला. काय काय लागलं, ते क्रमाने सांगतो.

1. आधी क्रेडिट रिपोर्ट काढा. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. गुण 300 ते 900 मध्ये असतात. हप्ते वेळेवर असतील, तरच नवं कार्ड सहज मिळतं. चुकीची नोंद दिसली तर आधी ती दुरुस्त करून घ्या.

2. एकाच ठिकाणी अर्ज करा. प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदवली जाते. घाबरून एका आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज केले, तर गुण घसरतात आणि पाचही नाकारू शकतात.

3. कागदपत्रं. पॅन, आधार, नोकरदार असाल तर पगारपत्रक आणि बँक खात्याचा उतारा, व्यवसाय असेल तर आयकर विवरणपत्र. सोबत जुन्या कार्डाची अलीकडची बिलं. मार्केट यार्डातले व्यापारी किंवा गॅरेजवाले बंधू इथेच अडतात, कारण कमाई आहे पण विवरणपत्र भरलेलं नसतं.

4. मर्यादा विचारा. नव्या कार्डाची पूर्ण मर्यादा हस्तांतरासाठी मिळत नाही. आम्हाला 1,00,000 ची मर्यादा मिळाली आणि त्यातले 75 टक्केच वापरता आले. म्हणून 72,000 वालं कार्ड हलवलं, 48,000 तिथेच राहिले. त्याच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्या कार्डावर सहसा हलवता येत नाही, बँक वेगळी लागते.

5. दर लेखी घ्या. व्याज महिन्याचं की वर्षाचं, घटत्या शिलकीवर की सरळ, प्रक्रिया शुल्क किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, वार्षिक शुल्क किती. फोनवर सांगितलेलं ग्राह्य धरू नका. प्रमुख अटी-शर्तींचा कागद देणं बँकेवर बंधनकारक आहे.

6. पैसे पोहोचेपर्यंत जुनं बिल भरत राहा. मंजुरी मिळाली म्हणून आम्ही निर्धास्त झालो. रक्कम जुन्या कार्डावर जमा व्हायला काही दिवस लागले, मधे देय तारीख गेली आणि विलंब शुल्क बसलं. त्यानंतरच्या बिलातही थोडी रक्कम आलीच, कारण बिल निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज नंतर लागतं. ती भरून शिल्लक शून्य झाल्याची खात्री करा.

फायदा झाला का?

झाला. 72,000 रुपये, महिन्याला 1.5 टक्के, 12 हप्ते. हप्ता 6,601 रुपये. वर्षभरात व्याज 7,212, त्यावर जीएसटी 1,298, प्रक्रिया शुल्क करासह 1,699. एकूण खर्च 10,209.

तेच 72,000 जुन्या कार्डावर ठेवून महिन्याला 6,700 भरत राहिलो असतो, तर फेडायला साडेचौदा महिने लागले असते आणि व्याज-कराचे सुमारे 25,000 गेले असते. म्हणजे पंधराएक हजार वाचले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. उरलेल्या 48,000 साठी आम्ही शेवटी शिक्षकांच्या पतसंस्थेत गेलो. तिथे वर्षाला 11 टक्क्यांनी कर्ज मिळालं. वर्षभराचं व्याज साधारण 2,900 रुपये. मग कागदावर मांडून पाहिलं : आधीचे 72,000 सुद्धा तिथूनच घेतले असते, तर 10,209 ऐवजी 4,400 च्या आसपास गेले असते. सहा हजार रुपये आम्ही उगाच दिले.

का दिले? तर लाजेपायी. पतसंस्थेत जामीनदार लागतो आणि जामीनदार म्हणजे स्टाफरूममधलेच लोक. 'यांना कर्ज झालंय' हे कळेल, म्हणून आम्ही अनोळखी बँकेच्या फोनवर विश्वास ठेवला आणि ओळखीच्या माणसांपासून लपलो. जामीन राहिलेल्या सहकाऱ्याने नंतर सांगितलं की दोन वर्षांपूर्वी त्यांचीही हीच गत होती.

म्हणून हस्तांतराच्या आधी या क्रमाने विचार करा. मुदतठेव पडून आहे का? असेल तर मोडा. ठेवीवर 7 टक्के घेऊन कार्डावर 42 टक्के देण्यात काही अर्थ नाही. घरातलं कुणी कर्ज-ए-हसना देऊ शकेल का? न वापरलेलं सोनं विकता येईल का? पगारदारांच्या पतसंस्थेचं सभासदत्व आहे का? हे सगळं संपल्यावर बॅलन्स ट्रान्सफर.

जुन्या कार्डाचं काय करायचं?

सगळ्यात मोठा धोका इथे आहे. जुनं कार्ड रिकामं झालं की पुन्हा वापरावंसं वाटतं. ईदची खरेदी येते, शाळेची फी येते. सहा महिन्यांनी दोन्ही कार्डं भरलेली असतात. आम्ही जुनं कार्ड बंद केलं. कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसेल तर, बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे. नाही केली तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे. विनंती ईमेलने करा आणि तारीख जपून ठेवा.

हे मात्र करू नका

बाजारपेठेत 'क्रेडिट कार्डचं बिल भरून मिळेल' असे बोर्ड दिसतात. दुकानदार आपलं बिल भरतो, मग तेच कार्ड स्वतःच्या मशीनवर घासून पैसे काढून घेतो आणि शेकडा दोन-तीन रुपये ठेवतो. याला कार्ड फिरवणं म्हणतात. न झालेली खरेदी झाली म्हणून दाखवायची, म्हणजे हा खोटा व्यवहार आहे. बँकेला कळलं तर कार्ड बंद होतं. आणि कर्ज जागचं हलत नाही.

कार्ड मंजूर करून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणारा, ओटीपी विचारणारा किंवा मोबाइलवर कुठलंसं अ‍ॅप टाकायला सांगणारा माणूस बँकेचा नसतो. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन करा, जितकं लवकर तितकं बरं.

वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ करणं, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना सांगून बदनामी करणं हेही नियमाविरुद्ध आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

आणि 'थोडे भरा, बाकी माफ' अशी तडजोड करताना लक्षात ठेवा : रिपोर्टमध्ये 'बंद' ऐवजी 'तडजोड' अशी नोंद राहते आणि पुढे कर्ज मिळणं अवघड होतं.

आणि व्याजाचा प्रश्न?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. आपल्या दीनमध्ये सूद हराम आहे, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. कार्ड वापरून मुदतीत पूर्ण रक्कम भरणं आणि थकबाकी ठेवून व्याज देणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आम्ही दुसरीत अडकलो, ही आमची चूक. ती चूक ऑपरेशनच्या अडचणीत झाली, पण लग्नातल्या खर्चाला ती सबब लागू होत नाही, हेही कबूल करतो.

आता अडकलेल्या माणसाने व्याज कमी करण्यासाठी दुसरं व्याजी कर्ज घ्यावं का? याचं उत्तर प्रत्येकाच्या परिस्थितीप्रमाणे बदलू शकतं, ते आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. पण विचारायला जाताना आकडे सोबत न्या : थकबाकी किती, दर किती, इतर मार्ग कोणते. अर्धवट प्रश्नाला पूर्ण उत्तर मिळत नाही.

सूरह बकराच्या 280 व्या आयतीत तंगीत असलेल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे, आणि 282 व्या आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपण जकात देताना विधवा, यतीम, मदरसा आठवतो. मोहल्ल्यातला कर्जबाजारी रिक्षावाला आठवत नाही, कारण तो मागत नाही. प्रत्येक जमातमध्ये छोटासा कर्ज-ए-हसना निधी असावा, त्याचा हिशेब लेखी असावा आणि घेणाऱ्याचं नाव गुप्त राहावं. एवढं झालं तरी पुष्कळ घरं या कार्डांच्या चक्रातून सुटतील, इन्शाअल्लाह.

दीडशे वर्षांपूर्वी इथेच

1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. तो मे महिन्यात सुप्याला सुरू झाला. त्याचे पडसाद कुकरूडलाही उमटले. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. तिथे जमावाने सावकाराचे कागद जाळले. लोकांचा राग कागदांवर होता. जुनं कर्ज फिटलं नाही की सावकार मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घ्यायचा. अंगठा देणाऱ्याला आपण किती देणं लागतो, हेच कळायचं नाही. पुढे 1879 साली जो कायदा झाला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्याने न्यायालयाला त्या रोख्यामागचा हिशेब सुरुवातीपासून तपासायचा अधिकार दिला.

आज आपण अंगठा देत नाही, ओटीपी देतो. पण जुन्या कर्जावर नवा रोखा चढतोच आहे. फरक एवढा की आपल्याला वाचता येतं आणि हिशेब उघडून बघायला न्यायालयाची गरज नाही.

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर घरातली सगळी कार्डांची बिलं काढा. प्रत्येक बिलावरून चार आकडे वहीत उतरवा : एकूण थकबाकी, महिन्याचं व्याज, किमान रक्कम, देय तारीख. नवरा-बायकोने एकत्र बसून हे करा, कमावती मुलं असतील तर त्यांनाही बसवा. आमच्या घरी हे पहिल्यांदा झालं, तेव्हा अर्धा तास कुणी बोललं नाही. मग अम्मींनी आपल्या पाटल्या आणून समोर ठेवल्या. त्या विकाव्या लागल्या नाहीत, अल्हम्दुलिल्लाह. महिन्याला दोन्ही हप्त्यांचे मिळून सुमारे 11,000 भरत बारा महिन्यांत आम्ही मोकळे झालो. पण त्या दिवसापासून घरात बिल लपवणं बंद झालं.